आठ मायक्रॉन

सांबऱ्याच्या विमानतळावर
मालकांच्या कार्डावर दोन माणसं आत जातात,
म्हणून मीही गेलो.
काचेचं दार आपणहून सरकलं.
माझा हात पुढे झालेला,
तसाच राहिला हवेत,
नसलेलं हँडल धरून.

सोफ्याच्या कडेवर बसलो.
पँट इस्त्रीची, पण कूलंटचा वास तेहतीस वर्षांचा,
धुऊन जातो थोडाच.
धाकटे शेठ कोपऱ्यात, फोनवर
कुणाला तरी ‘सर, सर’ करताहेत,
उद्यमबागेत आम्ही त्यांना करतो तस्संच.

पिशवीत रिजेक्ट आलेला नग.
विमानातच कुठंतरी बसतो. कुठं, ते ठाऊक नाही.
ड्रॉइंगवर नुसता नंबर असतो.
बावीसच्या भोकात आठ मायक्रॉन जादा.
एक केस उभा चिरून नऊ भाग करा,
त्यातला एक.
बेचाळीस नग परत आले.
मशीन माझं,
तर हैदराबादला तोंडही माझंच दाखवायचं.

तपासणीच्या पोरानं तो उजेडात धरला,
फिरवून फिरवून बघितला, लेटरहेड वाचलं,
म्हणाला, ‘ह्यात खराब काय आहे?’
वाटलं, ह्यालाच न्यावं बरोबर.

टेबलावर मांडून ठेवलेलं:
उप्पीट, काकडी, अंगठ्याएवढ्या इडल्या,
आणि कुंदा,
चौकोनी कापलेला, वडीवडीत काडी खोचलेली.
आपल्याच गावचा कुंदा काडीनं उचलायचा म्हणजे
सख्ख्या भावाशी इंग्रजीत बोलायचं.
चमच्याच्या कडेला बर होती.
अंगठ्याला कळलं आधी, मग मला.
कुणी पास केला हा चमचा?

‘चहा बेकेन्री?’
ती पोरगी वाकून विचारत होती.
मग हिंदीत. मग इंग्रजीत.
मी म्हटलं, ‘अर्धा कप. साखर असू दे.’
‘मग आधीच सांगायचं की ओ काका,
तीन-तीन भाषा खर्च केल्या मी!’
छातीवरच्या पट्टीवर नाव: रेणुका.
घर, म्हणाली, त्या भिंतीपलीकडं, चिंचेच्या बाजूला.
‘घरात बसलं की विमानापायी टीव्ही ऐकू येत न्हाई.
हितं बसलं की विमानच ऐकू येत न्हाई.’

तेव्हा ध्यानात आलं
मघापासून काय चुकतंय ते.
काचेपलीकडं विमान उतरलं होतं,
चाकांखाली धूर उठून विरलासुद्धा,
आणि आवाज नाही.
कापूस कापसावर टेकावा तसं.

मी ऐकून काम केलेला माणूस.
टूल बोथट झालं की सूर बदलतो,
बेल्ट सैल झाला की तो कुरकुरतो,
गेज नंतर लावायचा, आधी कान.
त्या रात्री, बेचाळीस नगांच्या रात्री,
शेजारच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर बसवत होते,
माझं मशीन काहीतरी सांगत होतं
आणि मला ऐकू आलं नाही.
हे हैदराबादला कुठल्या रकान्यात लिहायचं?

रेणुकानं नग हातात घेतला.
‘किती हलका ओ!’
बांगडीसारखा तिनं तो बोटात अडकवायला बघितला,
बोट आत गेलं, सहज फिरलं.
‘बसतंय की.’
मी काही बोललो नाही.
चहा घेतला. बराच होता.

नाव पुकारलं. धाकटे शेठ उठले,
‘चला, हलगेकर,’ म्हणाले,
पहिल्यांदा आडनावानं.
दार पुन्हा आपणहून सरकलं,
ह्या वेळी हात खिशातच ठेवला.

आणि बाहेर पाऊल टाकल्याबरोबर
ऊन, रॉकेलसारखा वास, आणि आवाज,
सगळा आवाज एकदम अंगावर,
पंखे, शिट्ट्या, कुठंतरी कुत्रं,
आणि त्या सगळ्याखालून
किर्र, किर्र, किर्र,
सामानाच्या गाडीचं मागचं डावं चाक.

लोक शिडीकडं निघाले.
मी थांबलो.
‘ए बाबा,’ गाडीवाल्या पोराला हाक मारली,
‘बेअरिंग जातंय तुझं.
आज ग्रीस घाल, उद्यावर ठेवू नकोस.’